कुत्र्याच्या गुदग्रंथींचे विकार : आहार आणि निगा

अंगणात बसलेला कुत्रा एकाएकी मागचे पाय पुढे ताणतो, ढुंगण जमिनीवर घासत चार-सहा हात पुढे सरकतो आणि मग मान वळवून शेपटीच्या मुळाशी चाटत राहतो, हे दृश्य खेड्यात कोणास नवे नाही. मुले हसतात, वडीलधारी माणसे ‘पोटात जंत झाले’ म्हणून विषय सोडून देतात. जंतांचा संशय सर्वस्वी चुकीचा आहे असे नव्हे. परंतु या लक्षणाचे नेहमी आढळणारे कारण निराळे असते. गुदद्वाराच्या दोन्ही अंगांस कातडीखाली दोन लहान पिशव्या असतात व त्या तुंबल्या म्हणजे कुत्रा असा घासू लागतो. जंतांचे औषध दोन-तीन वेळा देऊनही घासणे थांबत नाही, तेव्हा मालक कंटाळतो आणि दुखणे मात्र आतल्या आत वाढत जाते. या विकाराचे मूळ पुष्कळदा कुत्र्याच्या खाण्यात असते, आणि वेळीच लक्ष दिल्यास तो घरच्या घरी आटोक्यात राहू शकतो, म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

शेतीच्या पत्रिकेत कुत्र्याच्या दुखण्यास जागा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याने एकवार मेळघाटात येऊन पाहावे. चिखलदरा तालुक्यातील सेमाडोह हे गाव सिपना नदीच्या काठी सागवानाच्या रानाने वेढलेले आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजेच साग. शेताचा बांध संपला की रान सुरू होते. ज्वारी, मका दाण्यावर आला म्हणजे रानडुकरे रात्रीतून येतात आणि एका रात्रीत उभ्या पिकाची नासाडी करून जातात. कोरकू शेतकरी मचाणावर जागल करतो खरा, पण अंधारात पहिली चाहूल लागते ती कुत्र्यासच. गवळ्यांची गुरे रानात चरावयास निघतात तेव्हाही कुत्रा बरोबर असतो. असा कुत्रा ऐन आश्विन-कार्तिकात दुखण्याने कण्हत कोपऱ्यात बसला, तर जागलीचा अर्धा जोर गेला असे समजावे. शिवाय हे क्षेत्र वाघ-बिबट्यांचे आहे. रात्री अशक्तपणे बाहेर पडून राहणारा कुत्रा बिबट्याच्या तोंडी सहज सापडतो.

पिशव्यांची रचना

कुत्र्याचे गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी मानली, तर या पिशव्या ४ आणि ८ या आकड्यांच्या जागी येतात. त्या गुदद्वार आवळून धरणाऱ्या आतील व बाहेरील स्नायूंच्या मध्ये बसलेल्या असतात, त्यामुळे निरोगी कुत्र्यात वरून दिसत नाहीत. मध्यम बांध्याच्या कुत्र्यात त्यांचा आकार वाटाण्यापासून लहान बोराएवढा असतो. प्रत्येक पिशवीस एक बारीक नळी असून ती गुदद्वाराच्या कडेशी उघडते. आत तपकिरी रंगाचा, अत्यंत उग्र वासाचा स्राव जमतो. दोन कुत्री भेटली की एकमेकांच्या मागे जाऊन हुंगतात, ते या वासावरून ओळख पटविण्यासाठीच. कुत्रा अतिशय घाबरला तर पिशव्या आपोआप रिकाम्या होऊन एकदम दुर्गंधी सुटते. तो रोग नव्हे.

या पिशव्या रोजच्या रोज रिकाम्या होण्याची निसर्गाची योजना साधी आहे. घट्ट, बांधलेली विष्ठा बाहेर पडताना दोन्ही बाजूंस दाब देते व थोडा थोडा स्राव तिच्यावर पिळला जातो. विष्ठा सतत पातळ अगर मऊ राहिली तर हा दाब पडत नाही. स्राव साचतो, आटून लापशीसारखा दाट होतो, आणि मग ती बारीक नळी बुजते. ही पहिली अवस्था. पुढे साचलेल्या स्रावात जंतुसंसर्ग होतो, पू धरतो, एका अंगास लाल गळू उठते आणि शेवटी ते कातडी फोडून बाहेर पडते. गुदद्वाराच्या बाजूस एकाएकी छिद्र पडून रक्तमिश्रित पू वाहू लागला, की ‘कशाने तरी चावले’ अशी समजूत होते. चावलेले काही नसते. आठ-पंधरा दिवसांपूर्वी अंगणात घासणे सुरू झाले होते त्याचा हा शेवट असतो.

लहान जातीच्या, घरात पाळलेल्या कुत्र्यांत हा विकार अधिक आढळतो. गावठी कुत्रा चपळ व सडपातळ असल्यामुळे त्याला हा त्रास कमी होतो; पण होतच नाही असे नाही. अंगावर चरबी चढलेल्या, एका जागी बांधून ठेवलेल्या, त्वचेस सतत खाज असणाऱ्या कुत्र्यांस तो पुनःपुन्हा होतो. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते. त्यांच्या बाबतीत केवळ आहारावर विसंबून भागत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

खाण्यात काय चुकते

आपल्याकडे कुत्र्यासाठी वेगळे अन्न शिजविण्याची चाल नाही, आणि ती असावी असा आमचा आग्रहही नाही. घरात उरेल ते कुत्र्याचे. पूर्वी घरात उरे ती ज्वारीची भाकरी. आता पातळ वरण-भात, बिस्किटे, शेव-चिवडा, आणि वाटेवरच्या खाणावळीमागे फेकलेले तेलकट उष्टे, असा पुष्कळ कुत्र्यांचा दिवस जातो. असल्या अन्नात चोथा थोडा आणि तेल-तिखट फार, त्यामुळे विष्ठा बांधली जात नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी व सडके मांस यांमुळे हगवण लागते, ती निराळीच. याच्या उलट टोक म्हणजे हाडे. सणावाराला मटण झाले की हाडांचा ढीग कुत्र्यापुढे टाकला जातो. त्याने विष्ठा खडूसारखी पांढरी व कोरडी होते, कुत्रा कुंथतो, आणि शिजलेल्या हाडाची अणकुचीदार कपची आतडे फाडू शकते. घट्ट विष्ठा हवी याचा अर्थ बद्धकोष्ठ हवे असा कोणी करू नये.

बैलाच्या शेणावरून आपण त्याची प्रकृती ओळखतो. कुत्र्याच्या बाबतीतही तीच नजर ठेवावी. विष्ठा बांधलेली, किंचित ओलसर, आणि कागदाने उचलली असता जमिनीवर डाग न ठेवणारी असावी. रोज सकाळी एवढे एक पाहिले तरी निम्मे काम झाले.

सुमारे १५ किलो वजनाच्या, दिवसभर हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्यास ज्वारीच्या सुमारे २०० ग्रॅम पिठाच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन भाकरी, त्यांच्यासोबत मूठभर डाळ मीठ-तिखट न घालता मऊ शिजवून, आणि जमेल तेव्हा एक उकडलेले अंडे, एवढा खुराक साधारणपणे पुरतो. तो दोन वेळांत विभागून द्यावा. अंड्याऐवजी काटे काढलेली उकडलेली मासळी चालते. मक्याची भाकरीही चालते. कुत्रा जागलीला जात असेल तर अर्धी भाकरी अधिक द्यावी. बांधलेला असेल तर कमी. बरगड्या डोळ्यांस ठळक दिसू नयेत, पण हात फिरविताच बोटांस लागाव्यात, हे अंगमान योग्य समजावे.

ज्या कुत्र्याची विष्ठा मऊ राहते त्याच्या अन्नात चोथा वाढवावा. त्यासाठी विकतचे काही आणावे लागत नाही. लाल भोपळा, ज्यास वऱ्हाडात कोहळे म्हणतात, साल व बिया काढून नुसत्या पाण्यात उकडावा आणि कुसकरून दोन मोठे चमचे भाकरीत मिसळावा. कोहळे नसेल तर गव्हाचा कोंडा एक चमचा, अगर इसबगोलाचा भुसा एक लहान चमचा वाटीभर पाण्यात भिजवून द्यावा. इसबगोल कोरडा देऊ नये. तो पाणी शोषून फुगतो. पिण्याचे स्वच्छ पाणी सदैव भरलेले असावे, नाहीतर चोथ्याचा उलटा परिणाम होतो. एकदम सगळे बदलल्यास हगवण लागते, म्हणून जुने अन्न कमी व नवे अधिक असे करीत ६-७ दिवसांत बदल पुरा करावा. चोथा जास्त झाला तरी विष्ठा पुन्हा मऊ व फार होते. तेव्हा प्रमाण कमी करावे. तीन आठवडे असे करून पाहावे.

काय देऊ नये तेही सांगतो. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. भाजीचा रस्सा ओतलेली भाकरी यासाठी बरी नव्हे. मनुका, द्राक्षे व चॉकलेट ही कुत्र्यास विषासमान आहेत. दुधाने ज्याचे पोट ढळते त्यास दूध नको. कत्तलीनंतरचे कच्चे आतडे, यकृत किंवा फुप्फुस तर मुळीच टाकू नये. त्यात असलेल्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात एक सूक्ष्म पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या हाताला व अन्नाला लागतात आणि माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

दुखणे ओळखताना

जंतांचा प्रश्न येथेच उरकून घेऊ. गुदद्वाराच्या केसांत किंवा विष्ठेवर भाताच्या शितासारखे अगर काकडीच्या बीसारखे पांढरे तुकडे हलताना दिसले, तर तो पट्टकृमी होय. हा कृमी पिसवांच्या द्वारे होतो. कुत्रा पिसू चावून गिळतो आणि कृमी पोटात जातो. प्राझिक्वांटेल हे औषध वजनाप्रमाणे द्यावे आणि त्याचबरोबर पिसवांचा बंदोबस्त करावा, अन्यथा महिन्याभरात पुन्हा तेच. असे तुकडे दिसत नाहीत, पण घासणे, चाटणे, बसताना दचकून उठणे आणि माशांच्या सडक्या पाण्यासारखा वास आहे, तर पिशव्यांकडे लक्ष द्यावे. शेपटीच्या वरच्या अंगाचे केस झडून केवळ तेथेच खाज असेल, तर बहुधा पिसवांचा उपद्रव असतो.

तपासताना दोन माणसे हवीत. दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. मऊ कापडाची पट्टी जबड्याभोवती गुंडाळून हनुवटीखाली एक गाठ व कानांमागे दुसरी गाठ द्यावी. मात्र असे मुसके थोडाच वेळ ठेवावे, कारण कुत्रा धापा टाकून अंगातील उष्मा घालवितो. ओकारी करणाऱ्या अगर धाप लागलेल्या कुत्र्यास मुसके बांधू नये. एकाने डोके धरावे, दुसऱ्याने शेपटी हळूच वर उचलून उजेडात पाहावे. दोन्ही बाजू सारख्या आहेत काय? कोठे लाली, ऊब, फुगवटा अगर छिद्र आहे काय?

बोटांनी दाबून पिशव्या रिकाम्या करण्याची एक रीत आहे. शहरांत कुत्र्यास आंघोळ घालणारे लोक ती दर खेपेस करतात. आमच्या मते ज्या कुत्र्यास काही त्रास नाही त्याच्या पिशव्यांस हात लावूच नये. उगाच दाबल्याने सूज येते आणि नसलेले दुखणे मागे लागते. वारंवार तुंबणाऱ्या कुत्र्याच्या मालकाने ही रीत पशुवैद्यांकडून समक्ष शिकून घ्यावी. कागदावर वाचून ती येत नाही. एका बाजूस लाल, गरम, दुखरा फुगवटा असेल तर कोणीही दाबू नये. आतल्या आत पिशवी फुटून पू भोवतालच्या मांसात पसरतो.

तुंबण्याच्या पहिल्या अवस्थेत शेक उपयोगी पडतो. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ घालावे, स्वच्छ फडके त्यात बुडवून पिळावे आणि ते गुदद्वाराच्या बाजूस दहा मिनिटे धरावे; दिवसातून दोन-तीन वेळा. पाणी आपल्या मनगटास सोसेल इतपतच गरम असावे. दोन दिवसांत उतार न पडल्यास, किंवा गळू उठल्यास, दवाखाना गाठावा. तेथे पिशवी धुऊन आत औषध भरतात, गळू असल्यास चीर देऊन पू काढतात व जंतुनाशक औषधांचा क्रम ठरवून देतात. तो क्रम, कुत्रा तिसऱ्या दिवशी उड्या मारू लागला तरी, पुरा करावा. पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्यात पिशव्या शस्त्रक्रियेने काढून टाकता येतात. तो शेवटचा उपाय.

पावसाळ्यात फुटलेल्या गळवाकडे दोन दिवस दुर्लक्ष झाले तर माश्या बसून जखमेत किडे पडतात. मेळघाटासारख्या पावसाच्या मुलखात कुत्रा गमावण्याचा हा सरळ मार्ग आहे. अशा वेळी रॉकेल, गाडीचे जळके तेल, चुना, तंबाखू, बॅटरीतील काळी पूड, निर्भेळ फिनाईल, असे काय काय लोक लावतात! त्याने किडे खोल शिरतात, कातडी जळते, आणि कुत्रा ते चाटून विषबाधेने मरतो. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी, कुत्र्यास माश्या नसलेल्या कोरड्या जागी ठेवावे आणि किडे चिमट्याने काढण्यासाठी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. दळणवळण अवघड असल्यास १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी. जखम चाटू नये म्हणून जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडा कापडाने मढवून, ती गळ्यात अडकविता येते. कुत्रा दिवसभर भांड्यांना धडकतो, पण जखम भरते.

माणसाच्या दुखण्याची गोळी कुत्र्यास देऊ नये. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी त्याच्या जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठी वापर तर २००६ पासून आपल्या देशात बंद केलेला आहे. ते औषध दिलेल्या गुरांचे मृत देह खाऊन गिधाडे नाहीशी होत गेली, हे कारण.

वृद्ध कुत्र्याच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. गुदद्वाराजवळ न दुखणारी, टणक, हळूहळू वाढणारी गाठ लागली आणि कुत्रा नेहमीपेक्षा फार पाणी पिऊ लागला, तर ते पिशवीच्या कर्करोगाचे चिन्ह असू शकते. तेथे शेक व भोपळा यांत वेळ दवडू नये.

‘पिसाळला’ म्हणण्यापूर्वी

आता जी गोष्ट सांगावयाची ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्या मागच्या अंगास गळू ठसठसत आहे, असा कुत्रा कोपऱ्यात बसलेला असतो. लहान मूल येऊन लाडाने त्याची शेपटी ओढते. कुत्रा वळून चावतो. घरचा, इमानी कुत्रा चावला, म्हणजे तो पिसाळलाच, असा बोभाटा होतो आणि तासाभरात चार माणसे काठ्या घेऊन त्याला संपवितात. कुत्रा तर गेलाच. पण त्याला खरोखर रोग होता की नव्हता हे दहा दिवस पाहून ठरविण्याची संधीही गेली, आणि ज्याला चावले त्याच्या घरी भीती मात्र राहिली.

उलट चूकही तितकीच घातक. ‘कुत्रा दुखण्यामुळे चावला, पिसाळलेला नाही’ असे मानून जखमेकडे दुर्लक्ष करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. अलर्क रोग, ज्यास रेबीज म्हणतात, एकदा प्रकट झाला की त्यावर उपाय नाही. म्हणून कारण काहीही असो, चावा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तीवर चुना-तिखट-तेल लावू नये, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असल्यास किंवा डोके, मान, हात यांस चावले असल्यास तेथे तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे लसीबरोबर द्यावयाचे प्रतिद्रव्याचे औषधही देता येते. मालकाच्या कुत्र्यास बांधून वेगळे ठेवावे व १० दिवस पाहावे. या मुदतीत तो खातो-पितो, हिंडतो, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजते. आवाज बदलणे, लाळ गळणे, जबडा लोंबणे, दिसेल त्यावर धावून जाणे ही चिन्हे दिसली, तर जवळ न जाता तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. अनोळखी कुत्र्याची शेपटी उचलून गळू तपासण्याचे धाडस कोणीही करू नये. या लेखातील सर्व सूचना घरच्या, लस टोचलेल्या कुत्र्यापुरत्याच आहेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भाद्रपद उतरताना, जागल सुरू होण्यापूर्वी, गावातील पाळीव कुत्र्यांची एक यादी करावी. अलर्काची लस दरवर्षी टोचून घेण्यासाठी पशुवैद्यांचा दिवस ठरवावा. जंगलालगतच्या गावांत डिस्टेंपर रोगाची लसही आवश्यक आहे. २०१८ साली गुजरातेत गीरच्या रानात सिंह मेले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींत या रोगाचा विषाणू आढळला होता. आणि मेळघाट तर व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे. लसीसाठी कुत्री एकत्र आलीच आहेत, तर त्याच खेपेस मालकास त्याच्या कुत्र्याची शेपटी उचलून दाखवावयास सांगावे. दोन्ही बाजू सारख्या व कोरड्या असल्या तर त्याला घरी पाठवावे. फुगवटा असलेल्या कुत्र्यांची नावे मात्र यादीत वेगळी लिहून ठेवावीत आणि कणसे भरण्याच्या आत त्यांच्या घरी एक फेरी मारावी.